इंजनानं पाणी घेईस्तवर

मिरजेच्या ठेसनावर केळी इकता इकता माझं केस पिकलं. पलटनीच्या गाड्या आल्या, गेल्या, रडारडी झाली, समदं बघितलं. पर लालासाहेबाचा तो दिस आठवला की अजून माझं टाळकं फिरतं.

लढाई जोरात व्हती तवाची गोष्ट. कवठे महांकाळच्या छोट्या गाडीतनं लालासाहेब उतरला. मागं डोईवर पदर घेतलेली सून अंजना, तिच्या काखंत अंगडं-टोपरं घातलेलं लेकरू. लेकराचा बाप नाथाजी बेळगावच्या पलटनीत. रजाच मिळाली न्हाई, म्हणून त्यानं आपलं पोरगं अजून बघितलं न्हवतं. आता पलटन ब्रह्मदेशाकडं निघाली व्हती, आन इंजनानं पाणी घेईस्तवर गाडी मिरजेत थांबंल असा त्याचा सांगावा आला व्हता.

अंजना माझ्या पाटीजवळ टेकली. हळूच म्हणाली, "मावशी, एकडाव त्यांनी ह्याला उचलून घेतलं की झालं. दुसरं कायबी मागणं न्हाई माझं."

बापाम्होरं आपलं लेकरू हातात घ्यायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. घेतलं तर लोक म्हणत्यात, लाज सोडली. आग लागो असल्या रितीला! पर माझ्या नवऱ्यानंबी ती पाळली, आन मीबी कवा त्वांड उघडलं न्हाई.

गाडी आली. नाथाजीनं उडी टाकली, बापाच्या पाया पडला. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं ते सोडंचना.

"लय वाळलास रं."

"न्हाई, आबा. बरा हाय की."

"हिरीला पाणी हाय औंदा. खिलाऱ्या बैलाचा पाय बरा झाला. तू घोर करू नगंस."

अंजना दोन पावलं म्होरं आली. लेकराचं त्वांड नवऱ्याकडं केलं. नाथाजीची नजर सारखी तिकडं जायची. एकदा तर हात वर आला गड्याचा! मग बापाकडं बघितलं, आन त्याच हातानं टोपी सारखी केली.

म्हाताऱ्याला बाजूला काढावं म्हणून मी वराडले, "आवं पावणं, जरा इकडं या की! केळी चाखून बघा, पैसं नगंत."

"भूक न्हाई, बाई."

"ठेसनमास्तरांनी बोलवलंय तुमास्नी!" धडधडीत खोटं बोलले.

"बोलवू देत. माझं पोरगं लढाईवर चाललंय. डोळं भरून बघू दे मला."

आता ह्याला काय म्हणायचं? म्हातारा दुष्ट असता तर चार शिव्या हासडल्या असत्या. पर त्याचा जीव तुटत व्हता पोरासाठनं, आन त्या मायेनंच घात केला. आपुन इथनं बाजूला व्हावं, एवढं त्याच्या डोस्क्यात आलंच न्हाई.

शिट्टी झाली. नाथाजी गाडीत चढला. दारातनं त्यानं ना बापाकडं बघितलं, ना बायकूकडं. लेकराकडंच बघत गेला.

जोंधळ्याची काढणी चालली व्हती तवा तार आली. हे मला म्हाताऱ्यानंच सांगितलं. लढाई संपल्यावर एक दिवस तो नातवाला घिऊन माझ्यापाशी येऊन बसला.

"बनुबाई, सुनंनं कवा माझ्याम्होरं शबुद काढला न्हवता. तार आली त्या दिशी म्हणाली, 'मामंजी, तुमी तवा घडीभर तरी पाठ फिरवायची हुती.' म्या काय करू आता?"

लय दिवस त्याच्यासाठी शिव्या जपून ठिवल्या व्हत्या. एकबी त्वांडातनं निघाली न्हाई.

तवापासनं दर बाजारादिशी तो येतो. वाचलेली पोरं घराकडं परतत्यात, त्यांच्या गाड्या थांबत्यात. म्हातारा दिसंल त्या शिपायाच्या हातात नातू देतो. "घ्या की जरा. म्या तिकडं बघतो," म्हणतो, आन भिताडाकडं त्वांड करून हुबा ऱ्हातो.

बिचारा शिपाई बावचळतो. पोरगं अनोळखी माणूस बघून टाहो फोडतं. "बाबा, घ्या तुमचं पोर," शिपाई हाका मारतो. शिट्टी वाजती, गाडी हलती, शिपाई पळत येऊन पोरगं माझ्या मांडीवर टाकतो.

"आवं, गेली गाडी," मी सांगते, "वळा आता."

म्हातारा वळत न्हाई. म्हणतो, "थांब बाई, अजून जरा घिऊ दे त्याला."