टोचून झाल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. टोकदार, पोकळ, लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की मी आतले मूठभर दाणे बाहेर आणते. पोत्याच्या पोटातलं मला कळतं. माणसांना टोचता येत नाही, म्हणून त्यांना मी नुसती पाहते.

कळमन्याच्या बाजारात मनोहररावांच्या धान्याच्या दुकानात माझी उमर गेली. "हिच्याशिवाय सौदा नाही," असं ते कौतुकानं सांगत. मग चकचकीत स्टीलची परखी आली. कौतुक तिच्या खाती जमा झालं, माझ्या खाती खिळा आणि गंज.

पुढे मिनल आली. कॉमर्सची पदवी, सहा महिन्यांची उमेदवारी, वाडीत भाड्याची खोली. शिकाऊ हाताला जुनं अवजार, म्हणून मी तिच्या वाट्याला आले. दुपारी सगळे घोळक्यानं जेवत. ती माझ्या खिळ्याखाली एकटी डबा उघडी. आमचं बरं जमलं. दोघींशीही कोणी बोलत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं झपाझप पोती टोचली आणि पुढे निघाली. मागे भोकांतून तूर गळत राहिली.

"पाह्यलं, टोचलं, चालली," मनोहरराव म्हणाले. "मागं गळून राह्यलं ते कोन पाहन वं?" त्यांनी माझं टोक पोत्याच्या तागावर घासून धागे जुळवले, भोक बुजवून दाखवलं. "हे जमलं तं ठेवतो. नाही तं गावाले जा."

मिनलनं घरी मात्र पक्की नोकरी लागल्याचं सांगून ठेवलं होतं.

उमेदवारी संपत आली तेव्हा जिजाबाई नावाच्या शेतकरीण तूर घेऊन आल्या. वरचे दाणे कोरडे, मी तळातून आणलेले ओले. मिनलनं तसं सांगितलं आणि सौदा मोडला. सगळे दुसऱ्या मालाकडे वळले. ती मात्र खाली बसून एकेक भोक बुजवू लागली.

"घेतच नाही, तं बुजवून काहून राहिली वं?" जिजाबाईंनी विचारलं.

"मावशी, माल परत न्याचा आहे ना तुम्हाले. वाटेनं सांडन."

जिजाबाईंनी शिदोरी सोडली. "बस. झुणका आहे. रोज एकटीच जेवतं वाटते, तोंडावरूनच दिसून राह्यलं."

मनोहररावांनी गादीवरून सारं पाहिलं. त्यांनी तिला ठेवलं, आणि पुढे रामदासपेठेतल्या आपल्या कचेरीत पाठवलं. जाताना तिनं मला घाईत खिळ्याला अडकवलं आणि गेली. वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवलंत तरी मला पुरे. आणि कोणाला टोचून पाहावंच लागलं, तर उठण्याआधी भोक तेवढं बुजवा. पोतं गळताना आवाज करत नाही.