सहकर्जदाराचा रकाना

दारावर चिकटवलेली नोटीस बाबांनी पट्टीने खरवडून काढली. नऊ दिवसांनी बँक घराचा ताबा घेणार, असं तिच्यात लिहिलं होतं. डिंक निघेना, म्हणून ओलं फडकं घेऊन पुसत बसले. घर हातचं चाललंय आणि हा माणूस दार चकाचक करतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी येते आज बँकेत," मी म्हटलं.

"तू कशाला? मी बोलतोय ना त्यांच्याशी."

"तीनदा बोललात. काय उजेड पडला?"

आई आत पडून होती. चौदा महिन्यांपूर्वी दादाची स्कूटर ट्रकखाली आली, तेव्हापासून ती त्याच्या खोलीत, त्याच्याच पलंगावर झोपते. घर दादा आणि बाबांनी मिळून कर्ज काढून घेतलेलं. दादाचा पगार बंद झाला आणि हप्ते थकले. बाबांना लेथवर मिळून मिळून किती मिळणार? त्या खोलीतून आईला उठवायचं कुणी, या विचाराने माझी झोप उडाली होती.

कर्जविभागातल्या बाई वाईट नव्हत्या. कंटाळल्या होत्या, एवढंच.

"काका, किती वेळा सांगू? हप्ता कमी करता येतो, मुदत वाढवता येते. पण त्याला कारण लागतं. तुमच्या घरात दोघं कमावते. समिती कशाच्या जोरावर मंजूर करणार?"

"दोघं कोण?" मी विचारलं.

त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. बाबांचं अक्षर, छापल्यासारखं. सहकर्जदार: मुलगा. नोकरी: चालू. पगार: दादाचा शेवटचा. अडचणीचं कारण: सध्या थोडी ओढाताण आहे.

थोडी ओढाताण! तीन अर्ज, तीन हेलपाटे, आणि घरी मी बँकेच्या नावाने बोटं मोडत होते.

"बाबा, हे काय लिहिलंय तुम्ही?"

बाबांनी अर्ज सरळ करून टेबलाच्या कडेला लावला.

"मॅडम, माझा भाऊ..."

"थांब." बाबांनी माझा हात घट्ट धरला. "तू नको बोलूस."

शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दादाच्या मृत्यूचा दाखला होता. तो घड्यांवर इतका झिजला होता की बाईंनी उलगडताच त्याचे दोन तुकडे झाले. म्हणजे तिन्ही वेळा बाबा तो घेऊन आले होते आणि तसाच परत घेऊन गेले होते. सकाळी त्यांच्यावर खेकसले त्याची मला लाज वाटली.

बाईंनी चिकटपट्टी लावून दाखला जोडला. "हा आधी का नाही दिलात, काका?"

"दिला की तुम्ही त्याचं नाव काढणार."

"ते तर काढावंच लागेल."

"घराच्या कागदांवर पहिलं नाव त्याचंच आहे हो. सही करायला मला त्यानेच आणलं होतं, स्कूटरवर मागे बसवून."

बाईंनी नवा अर्ज पुढे सरकवला. केसभर फरक न करता लोखंड कापणारा बाबांचा हात सहकर्जदाराच्या रकान्यावर बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी 'मृत' लिहिलं आणि पेन टोपण न लावताच खिशात घातलं. शर्टावर शाई पसरली तरी त्यांना कळलं नाही.

"ताबा आजच थांबवते," बाई म्हणाल्या. "हप्ता निम्मा होईल बहुतेक."

घरी आई दारात उभी होती.

"राहिलं का घर?"

"राहील."

"काय सांगितलंत त्यांना?"

बाबांनी चप्पल काढली, नीट कडेला लावली. "लिहून दिलं," ते म्हणाले.

आईने मान हलवली. त्यांच्या खिशावरच्या डागाकडे बघितलं, शर्ट भिजत घालायला मागितला. मग आत जाऊन दादाच्या पलंगावरची चादर काढली, घडी केली आणि आपली उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत आली.

"इथे का गं?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली, "कुणाची वाट बघायची आहे?"