आक्काचा हापसा

"आधी माझी कळशी होती!"

"कुठली तुझी? नुसता दगड ठेवला म्हणजे नंबर लागतो काय?"

सुतारीण आणि कुंभारीण हापशावर जुंपल्या होत्या. आक्का ओट्यावर सुपात शेंगा सोलत गालातल्या गालात हसत होती. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. पण उजाडलं की निम्मं गाव तिच्या अंगणात असायचं. हापसा नवऱ्यानं हौसेनं बसवलेला. पाणी कसं, साखर.

तेवढ्यात पाणी तपासणारी बाई आली.

"आधी चव तर बघा," आक्का म्हणाली.

"हे चवीला कळत नाही, आक्का."

बाईनं बाटलीत पाणी भरलं, पूड टाकली, झाकणात पांढरी पट्टी अडकवली. भांडण विसरून बायका भोवती जमल्या. थोड्या वेळानं झाकण उघडलं, तर पट्टी तपकिरी झालेली.

"आर्सेनिक आहे. म्हणजे सोमल. जमिनीतूनच उतरतं पाण्यात."

"उकळून प्यायलं तर?"

"पाणी आटेल, सोमल तसाच राहील."

कुंभारणीनं भरलेली कळशी तिथंच उपडी केली.

"बाई," आक्कानं हळूच विचारलं, "यानं तळहात खरबरीत होतात का? अंगावर काळे डाग?"

"होतात. कुणाला आहेत?"

"होते," आक्का म्हणाली आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेली.

पाणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग लागला. गावाच्या दुसऱ्या टोकाची विहीर चांगली निघाली, बायका तिकडं वळल्या. म्हातारीनं गावाला विष पाजलं, असंही कुणी म्हणालं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? अंगणातला चिखल वाळला, भेगा पडल्या. आक्का स्वतःशीच बोलायला लागली, मग तेही थांबलं.

एका दुपारी हापसा करकरला. आक्का धावतच बाहेर आली. वाटेनं जाणारा मेंढका ओंजळ लावून उभा होता. कितीतरी दिवसांनी दारात आलेलं माणूस! पण तिनं त्याचा हात झटकला.

"पिऊ नकोस! सोमल आहे त्यात."

"नाही द्यायचं तर नाही म्हण, म्हातारे. खोटं कशाला बोलतेस?"

ती घरातून विहिरीचं पाणी घेऊन येईपर्यंत तो शिव्या देत निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं लोहाराला बोलावलं. "दांडा काढ."

"आक्का, मग इकडं चिटपाखरूसुद्धा फिरकायचं नाही."

"काढ म्हणते ना."

बोल्ट गंजलेला. घण घालून घालून लोहार घामाघूम झाला. शेवटी दांडा निघाला. आक्का त्याच्याकडं बघतच राहिली.

"ने तो. विळे कर त्याचे."

लोहार हत्यारं आवरू लागला.

"चहा टाकू?" ती चाचरत म्हणाली. "पाणी तिकडचंच आहे. मी स्वतः आणलंय."

लोहारानं उन्हाकडं पाहिलं, आक्काकडं पाहिलं. मग हत्यारांची पिशवी खाली ठेवून ओट्यावर बसला.

"टाक. जरा जास्तच टाक."