बंद फियाटमधलं गाणं

एकोणनव्वद सालचा एक शनिवार. निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत सकाळपासून मुंगीला शिरायला वाव नव्हता. सुधीर जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्या फियाटमधला रेडिओ आपोआप गात होता! दारं बंद, किल्ली त्याच्या आईच्या, माईंच्या पदराला बांधलेली. तरी आत मधेच गाणं, मधेच खर्रर्र.

"जीव हाय पोराचा गाडीत, सोडवत न्हाय त्याला!" म्हणत शेजारच्या ठकुबाईने हात जोडले.

अंबाडीच्या मठातले विठूबाबा बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते. "आत्मा बटणात अडकलाय," त्यांनी निदान केलं. रेडिओ खरखरला. "ऐका! 'आई, तहान लागली' म्हणतोय."

त्या खरखरीतलं मराठी फक्त बाबांनाच कळे. काल शुक्रवारी रेडिओ दिवसभर मुका होता, त्याचंही उत्तर तयार होतं. "शुक्रवारी देवीपुढे आत्म्याची बोलती बंद असते."

बाबा एवढ्यावर थांबते, तर सुधीरची बायको सुचेता गप्प बसली असती. पण त्यांनी माईंना सांगितलं होतं, "लेक अडकलाय तोवर अंगात सुई नको. त्याला टोचते." तीन दिवस माईंनी मधुमेहाचं इंजेक्शन घेतलं नव्हतं. डोळे खोल गेलेले, सारखं पाणी पाणी चाललेलं. तहान खरीच होती; फक्त ती सुधीरला नव्हती.

"आता गाडी आणि माता, दोघींना सव्वा महिना मठात आणा," बाबांनी फर्मावलं.

"माई, आधी सुई घ्या," सुचेता म्हणाली. "एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"नको गं. त्याला टोचतं."

तेवढ्यात "बोल बाळा!" म्हणून बाबांनी बॉनेटवर जोरात थाप मारली, आणि रेडिओ गपकन बंद! बाबाच दचकले.

सुचेताला सुधीरचा हात आठवला. बटण बंद केलं तरी रेडिओ गात राही, तेव्हा तो डॅशबोर्डवर अशीच थाप मारायचा. "उद्या नीट करतो," म्हणायचा. असे कितीतरी 'उद्या' आले नि गेले.

रेडिओ पुन्हा खरखरू लागला. तिने गाडीपुढे पाहिलं. तेराव्यानंतर गाडी ढकलून शेजारच्या हारूनशेटच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीशी लावली होती. बंपर भिंतीला टेकलेला, भिंत थरथरत होती. आणि शुक्रवारी लूमना सुट्टी.

"हारूनभाई, पाच मिनिटं लूम थांबवाल?"

"चालू शिफ्टमध्ये, वहिनी?" गर्दीत उभ्या शेटनी माईंकडे पाहिलं. "ठीक है. माईंसाठी."

खडखडाट थांबला. रेडिओही थांबला.

"आत्मा रुसला!" बाबा ओरडले.

"मग काढा रुसवा."

बाबांनी मंत्र म्हटले, थापा मारल्या, शेवटी बाळाला पेढ्याचं आमिष दाखवलं. बाळ गप्प. हारूनशेटनी लूम सुरू केले, आणि खर्रर्र!

"अरे, हा तर आमच्या लूमवर चालतो!" शेट म्हणाले. लोक हसले.

माईंच्या पदराची किल्ली घेऊन सुचेताने गाडी उघडली आणि स्क्रू काढून रेडिओ बाहेर ओढला.

"कोप होईल!"

"माझ्यावर होईल. तुम्ही जरा उजेड सोडा."

नगरपालिकेत ती टायपिस्ट होती. टाइपरायटर बिघडला तर मेकॅनिकची वाट बघत बसणाऱ्यातली नव्हे. बटणामागचा डबा उघडून तिने माईंना जवळ बोलावलं.

"ही पट्टी बघा. झिजून सैल झालीय. हादरा बसला की टेकते आणि रेडिओ लागतो. वायर ह्यांनी थेट बॅटरीला जोडून घेतली होती, म्हणून किल्ली लागत नाही. आणि हा मळ खरखरतो."

इंजेक्शनच्या डब्यातलं स्पिरिट कापसावर घेऊन तिने मळ पुसला, चिमट्याने पट्टी किंचित वाकवली. बटण फिरवलं तर गाणं स्वच्छ लागलं. बंद केलं तर बंद. पलीकडे लूम धडधडत होते, तरी बंदच.

"पाहिलंत? मुक्त झाला!" म्हणत बाबांनी अंबाडीच्या एसटीची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

माई बटणाकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझा सुधीर नव्हता तिथे?"

"नव्हता, माई. ह्यांचं राहून गेलेलं काम होतं."

माई पुष्कळ रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी दंड पुढे केला. "टोच."

सुचेता इंजेक्शन देऊन गर्दीकडे वळली.

"गेलेल्या माणसासाठी रडा, त्याच्या फोटोला हार घाला, मी कोण अडवणार? पण कुणी औषध बंद करा म्हणालं, तर पाया पडण्याआधी त्याला 'का?' म्हणून विचारा. आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा."