उलट्या तोंडाचा टर्बो

फेर्मिननं ट्रकचा जुना सायलेन्सर कापला तेव्हा सेवेरिना घरी नव्हती. असती तर तिनं त्याच्या हातातलं ग्राइंडर हिसकावून घेतलं असतं. ती बाजारातून बटाट्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन आली, तर अंगणात ट्रकखाली पाइपाचे पाच तुकडे पडले होते आणि नवरा मोठं काम उरकल्यासारखा कपाळावरचा घाम पुसत उभा होता.

"का कापलास?"

"अगं, टर्बोला जुना पाइप बारीक पडतो. धूर मागं कोंडला की टर्बो गेलाच समज."

"मग नवा पाइप कुठंय?"

"करायचाय."

सेवेरिनानं गाठोडं खाली ठेवलं. तुकडे परत जोडता येतील का म्हणून तिनं एक उचलून पाहिला. गंजानं तो इतका पातळ झाला होता की अंगठ्यानं दाबला तर आत गेला. परतीचा रस्ता बंद.

ट्रक तिचा होता. वडिलांनी मरताना तिच्या नावावर केला, तेव्हापासून एकोणीस वर्षं ती ओरुरो शहरातून डोंगरांपलीकडं पोतोसीच्या बाजूला माल नेत होती. फेर्मिन शेजारी बसायचा, दोरखंड बांधायचा, चढणीवर चाकामागं दगड लावायचा आणि उरलेल्या वेळात बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे मोठा पितळी भोंगा, वाजवायचा. गेल्या वर्षभरात मात्र तो फेरीवर यायचाच बंद झाला होता. दर वेळी तालीम. कार्निव्हलला चार महिने असोत नाहीतर दहा, तालीम असायचीच.

टर्बोची कल्पना त्याचीच. त्या उंच डोंगराळ मुलखात हवा इतकी विरळ की तिचं जुनं जपानी इंजिन भरल्या ट्रकसकट चढणीला लागलं की म्हाताऱ्यासारखं धापा टाकायचं. त्यामुळं इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवणं यात मूर्खपणा नव्हता. पण फेर्मिननं भंगारातून उचलला तो एका बसचा टर्बो. बसचं इंजिन मागं असतं, तिथं धूर जायची दिशाच वेगळी. नाक्यावरच्या मेकॅनिकनं दोन दिवस खटपट करून तो इंजिनाला बसवून दिला आणि म्हणाला, पाइप काय, घरीच करा, त्यात काही नाही.

त्यात काय होतं ते सेवेरिनाला केबिन पुढं कलंडवून खाली बघितल्यावर कळलं. टर्बोचं धूर ओकणारं तोंड मागं नव्हतं, पुढं होतं. स्टिअरिंगच्या डब्याला जवळजवळ टेकलेलं. म्हणजे पाइपानं तिथून बाहेर पडायचं, वीतभर जागेत पूर्ण उलटं फिरायचं, आणि मग गिअरबॉक्सच्या बाजूनं मागं जायचं.

"हे तू घेताना बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. पातं बघितलं. एकदम गुळगुळीत फिरत होतं."

"आणि तोंड?"

"तोंड काय, तोंड फिरवता येईल असं वाटलं."

ते फिरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. डोंगरातल्या आयोमा गावाचा मुखिया इलारिओन. गावच्या शाळेचा पाया घालायचा होता, सिमेंट न्यायचं काम सेवेरिनानं घेतलं होतं आणि पावसाळा तोंडावर आला होता.

"ताई, निघालात का?"

"नाही हो. ट्रकचं काम चाललंय."

"बरं बरं. मग उद्या करतो फोन."

आणि तो रोज करत राहिला. रोज सहाला, तेवढ्याच गोड आवाजात.

वेल्डिंग सेवेरिनाला येत होतं. वडिलांनी शिकवलं होतं; चॅसिसचे तडे सांधणं, फाळक्यांच्या बिजागऱ्या बसवणं ती स्वतःच करायची. मोजून काम करायची तिची रीत. जाड तार घ्यायची, जिथून पाइप जायचा तिथून ती वाकवत न्यायची, मग ती तार जमिनीवर ठेवून पाइप तिच्यावरून बेतायचा. फेर्मिनची रीत वितीची. ती तार वाकवत असताना त्यानं वितीनं मोजून तीन तयार बाक आणले, तिनं नको म्हणेपर्यंत वेल्डिंगचे तात्पुरते टाके, टॅक, मारून जोडले आणि वर चढवून बोल्टसुद्धा आवळले.

"बघ. तुझी तार अजून वाकतेच आहे."

पाइप खरंच छान बसला होता. स्टिअरिंगला लागत नव्हता, गिअरबॉक्सला लागत नव्हता. सेवेरिना दोनदा खाली वाकून बघून आली आणि तिला खोट सापडेना. मग त्यांनी केबिन खाली घेतली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. पाइप केबिनच्या तळाला टेकला होता.

"जरा दाबू," फेर्मिन म्हणाला.

"काय दाबू? केबिन?"

"थोडीशीच वर राहील."

"मी काय उभ्यानं चालवू?"

अंगणाच्या कोपऱ्यात त्याची आई, नार्सिसा, ऊन खात लोकर कातत बसली होती. ती चातीवरची नजर न काढता म्हणाली, "याच्या बापानंही चूल बांधली होती. भांडं बसायचं नाही तिच्यावर."

पाइप उतरला, कापला, फेकला. त्यात चार दिवस गेले. सेवेरिनानं ठरवलं की बाक आपणच घालायचा. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी गुडदी मारायची, मग लाल होईतो तापवून वाकवायचा. आतल्या वाळूनं पाइप चेपत नाही. हेही वडिलांचंच. तिनं फेर्मिनला वाळू आणायला सांगितलं. त्यानं आणली. कोरडी आहे ना, असं तिनं विचारलं. हो, असं तो म्हणाला. ती शेजाऱ्याच्या बांधकामाच्या ढिगातून आणलेली होती, वरवर कोरडी, आत ओलसर, आणि तिनं मूठभर हातात घेऊन बघायला हवी होती. तेवढं तिचं चुकलं, आणि ते तिला पुढं बरेच दिवस खुपत राहिलं.

पाइप तापला. आतल्या ओलीची वाफ झाली. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि एका टोकाची गुडदी सेवेरिनाच्या कानावरून, खरंच कानावरून, सूं करून गेली. तिची टोपी पडली. गुडदी समोरच्या भिंतीवर गेली, आणि त्या भिंतीवर फेर्मिनची ट्यूबा टांगलेली होती.

कोंबड्या ओरडत सैरावैरा पळाल्या.

"तुला लागलं का?" फेर्मिननं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ट्यूबेकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, हे सेवेरिनाच्या लक्षात आलं, पण तेव्हा ती इतकी भडकली होती की त्याचं काही कौतुक वाटलं नाही.

"कोरडी होती म्हणालास."

"वरून होती."

"तू माणूस आहेस की शिक्षा?"

ट्यूबेच्या पोटात वाटीएवढा खड्डा पडला होता. ती घेऊन दोघं प्लासिदो उस्तादाकडे गेले. शहरातल्या निम्म्या बँडांची वाद्यं याच्या दुकानात दुरुस्त व्हायची. छतापासून जमिनीपर्यंत पितळेच्या नळ्या लटकत होत्या, कुठं बाक, कुठं वेटोळं. फेर्मिन खड्ड्याची कहाणी सांगत होता, त्यात त्याची चूक कमी आणि वाफेची जास्त होती. सेवेरिना मात्र नळ्यांकडे बघत होती. इतक्या थोड्या जागेत इतकं वळण, आणि कुठं चेपलेलं नाही.

"उस्ताद, लोखंडी पाइप वीतभर जागेत उलटा फिरवायचा तर?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "जाडी?"

"तीन इंच."

"मग वाकवायचाच नाही. एवढा जाड पाइप एवढ्या जागेत वाकत नसतो, पोरी, कितीही तापव." त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं काढून दाखवलं. "सरळ पाइपाच्या तिरप्या चकत्या काप. एक बाजू रुंद, एक अरुंद. रुंद बाजूला रुंद, अरुंद बाजूला अरुंद अशा जोडत गेलीस की पाइप आपोआप वळतो. चौदा चकत्या घे. वाळू ठेव पुढच्या लांब बाकासाठी. आणि ती कढईत भाजून घे."

"भाजायची हे मला ठाऊक आहे," सेवेरिना म्हणाली.

"याला ठाऊक नव्हतं," उस्ताद म्हणाला आणि ट्यूबा घेऊन आत गेला.

वाळू भाजायला नार्सिसानं आपली मोठी कढई दिली, पण स्वतःच ढवळायला बसली. सुनेच्या हातात कढई द्यायला ती तयार नव्हती. फेर्मिन पाइप आणायला गेला होता. सेवेरिना चुलीपाशी उभं राहून धुसफुसत होती. टर्बोचं खूळ, कापलेला सायलेन्सर, शेजाऱ्याची वाळू, सगळं पुन्हा एकदा मोजून झालं.

"आणि एवढं करून स्वारी फेरीवर येणारच नाही. तालीम आहे म्हणेल."

नार्सिसा ढवळत राहिली. मग म्हणाली, "तालीम आठवड्यातून दोनदा असते. बाकीचे दिवस तो इथं अंगणात बसून असतो."

"म्हणजे?"

"काळ्या खडकाच्या चढणीवर ट्रक मागं आला होता ना गेल्या वर्षी? तो दगड लावायला वाकला, आणि चाक आलं. हात ओढला म्हणून वाचला. बोटभर अंतर होतं म्हणतो. तुला वर बसून काय दिसणार?"

सेवेरिनाला ती चढण आठवली. इंजिनाचा दम गेला, हँडब्रेक धरेना, ट्रक हातभर मागं सरकला आणि थांबला. फेर्मिन केबिनमध्ये येऊन बसला तेव्हा त्यानं पोतोसीपर्यंत एक गाणं गुणगुणलं होतं. हल्ली रात्री तो झोपेत हात झटकायचा. तिला वाटायचं, कोकाची पानं जास्त चघळतो म्हणून.

"मला का नाही सांगितलं?"

"तू भित्रा म्हणशील म्हणून."

"भित्रा नाही म्हणणार," सेवेरिना म्हणाली. "पण बैल म्हणेन. तोंड नव्हतं का याला? मी वर्षभर शिव्या देतेय त्या ट्यूबेला."

तिचा राग कमी झाला नाही. उलट त्याला आता बसायला नीट जागा मिळेना, त्यामुळं तो जास्तच त्रास द्यायला लागला. फेर्मिन पाइप घेऊन आला तेव्हा तिनं त्या चढणीचा विषय काढला नाही. फक्त त्याच्या हातात खडू दिला आणि म्हणाली, "मी सांगेन तिथं रेघ मार. मी सांगेन तिथंच."

चौदा चकत्या कापायला एक दिवस गेला, जोडायला दोन. प्रत्येक जोड तिनं आधी चार ठिकाणी टॅक मारून ट्रकवर चढवून बघितला, केबिन खाली घेऊन बघितली, परत उतरवला. केबिन वर, केबिन खाली. फेर्मिन जॅक मारून मारून वाकला, पण कुरकुरला नाही, आणि त्याचं गप्प राहणंही तिला आता खटकायला लागलं होतं. शेवटी पाइप फिरला. स्टिअरिंगपासून दोन बोटं, केबिनच्या तळापासून तीन. पुढचा लांब बाक भाजलेल्या वाळूनं नीट आला.

रिकाम्या ट्रकची फेरी मारायला ते शहराबाहेर गेले. दहा मैलांवर खालून कर्कश आवाज सुरू झाला आणि केबिनमध्ये काजळी आली. सेवेरिनानं ट्रक कडेला घेतला. तिसऱ्या आणि चौथ्या चकतीमधला जोड तडकला होता.

ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली. वाऱ्यानं तोंडात धूळ जात होती, तरी ती तशीच बसून राहिली.

"इंजिन हलतं," फेर्मिन खालून म्हणाला. तो ट्रकखाली आडवा झाला होता. "इंजिन हलतं आणि पाइप चॅसिसला घट्ट बांधलाय. मधे काहीतरी लवचीक पाहिजे. बसच्या पाइपाला होतं. विणलेल्या तारांची वीतभर नळी."

"तुला माहीत होतं?"

"बघितली होती. भंगारवाला म्हणाला घेऊन जा, मी म्हटलं कशाला."

सेवेरिनानं डोळे मिटले. मग ती हसायला लागली, आणि ते हसू काही चांगल्या जातीचं नव्हतं. फेर्मिन ट्रकखालून बाहेर यायला धजेना.

ती नळी भंगारात अजून तशीच पडलेली होती. तडकलेला जोड तिनं घासून पुन्हा भरला, नळी मधे घातली, आणि शुक्रवारी सकाळी सहाला इलारिओनचा फोन आला तेव्हा ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्या भरून झाल्या होत्या.

"ताई, निघालात का?"

"निघालो," ती म्हणाली. मग फोन ठेवून फेर्मिनला म्हणाली, "बस वर."

"आज तालीम—"

"ट्यूबा उस्तादाकडे आहे. बस."

तो बसला. काळ्या खडकाची चढण दुपारी लागली. नेहमी ती पायथ्याशीच पहिला गिअर टाकायची. आज तिनं तिसरा ठेवला. टर्बोची बारीक शीळ वाढत गेली, इंजिन जड झालं पण दमलं नाही. फेर्मिननं दाराची मूठ धरली होती. ज्या वळणावर ट्रक मागं आला होता तिथं त्यानं डोळे खिडकीकडे वळवले.

"आई बोलल्या मला," सेवेरिना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

त्यानं दाराची मूठ सोडली. "बोटभर नव्हतं," मग म्हणाला. "बोटभरापेक्षा कमी होतं."

"पुढच्या वेळी असं काही झालं तर मला आधी सांगायचं. टर्बो नंतर घ्यायचा."

"हं."

"आणि तोंड बघून घ्यायचा."

खिंडीच्या माथ्यावर तिनं ट्रक थांबवला. फेर्मिननं उतरून धरणीमातेसाठी, पाचामामासाठी, बाटलीतली थोडी दारू जमिनीवर ओतली, थोडी पाइपावर, ती चुर्र करून उडून गेली. सेवेरिनानं उतरायला पाय उचलला, तर बूट उचलेना. पाइप केबिनच्या तळापासून तीनच बोटं होता, आणि पायाखालच्या चटईचं रबर वितळून तिच्या बुटाच्या तळाला चिकटलं होतं. तिनं ओढून पाय सोडवला. रबराचा धागा लांबत आला.

फेर्मिननं वाकून बघितलं. "असं करू, पोत्याचं कापड भिजवून गुंडाळून टाकू, मी आत्ता—"

"तू काही करू नकोस," सेवेरिना म्हणाली. "हात खिशात घाल."

त्यानं घातले. तिनं सीटमागून तेलाचा रिकामा डबा काढला, कात्रीनं उभा चिरला, पत्रा सरळ केला आणि धग अडवायला तो पाइप व केबिनचा तळ यांच्यामधे कसा बसेल ते बघत ट्रकखाली शिरली. थोड्या वेळानं खालूनच म्हणाली, "आता काढ एक हात बाहेर. हा कोपरा धर. इथं नाही. इथं."

फेर्मिननं तो कोपरा धरला. पत्रा गरम होता, पण त्यानं सोडला नाही.