तीन झिलयांखालची चीर

हंबीररावांच्या बड्या घरात आपली एक बरणी बसली, की उंब्रजातली प्रत्येक बाई तसलीच मागेल, असा हिशेब सयाजी कुंभाराने केला होता. लढाईमुळे विलायती बरण्या यायच्या बंद झालेल्या. मित्रांनो, ती बरणी म्हणजे मी.

भट्टीतून पहिल्यांदा निघाले, तेव्हा सयाजीने मला बोटाने वाजवलं. टणटणीत वाजायचं सोडून मी घसा बसल्यासारखी वाजले. पोटाला केसाएवढी चीर होती. शहाण्याने मला तिथेच फोडलं असतं. याने पांढरी झिलई चढवली, तिच्यावर तपकिरी, आणि गळ्यावरून हिरवी ओतली. पुन्हा भाजल्यावर तिन्ही एकमेकींत वितळून असे ओघळ उतरले, की मीच माझ्यावर भाळले. चीर खाली जागच्या जागी होती.

हंबीररावांच्या नव्या सुनेने, विजयमालाने, सवयीने मला वाजवायला बोट पुढे केलं. सासू मनुबाई कडाडल्या, "आगं, मडकं हाय व्हय वाजवायला? बघ कशी लखलखतीया!"

दोन पैशांचं मडकं बाजारात दहादा वाजवून घेणारी हीच बाई! चकाकीपुढे माणसांची अक्कल अशी पाणी भरते.

माझ्यात वर्षाचं लोणचं भरलं. "नीट सांभाळ. पंचमीला म्हायेरी धाडीन," मनुबाई म्हणाल्या. त्या आशेवर विजयमाला माझ्या तोंडाला फडकं घट्ट बांधायची, हात कोरडा करूनच फोड काढायची.

पण चिरेतून खार पाझरला आणि लोणच्यावर बुरशी चढली.

"ओला हात घातलास, सटवे!"

"न्हाई वो आत्याबाई, बरणीच गळतीया."

सयाजीला बोलावलं. त्याने माझ्यावरून हात फिरवला. बोट नेमकं चिरेवर थांबलं. "आवं वैनी, बरणी झ्याक हाय. हाताचा दोष."

"असली बरणी गावात न्हाई, गड्या," हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला.

लोणचं उकिरड्यावर गेलं. मला धुताना मनुबाईंना चीर दिसली. त्यांनी ती बाजू भिंतीकडे करून मला फळीवर मांडलं. अजून तिथेच आहे.

मित्रांनो, चकाकणारं काही घरात आलं, तर आधी वाजवून बघा. निदान वाजवणारा हात तरी अडवू नका.

सयाजीच्या दारात बायकांची रीघ लागली. हंबीररावांना मिरवायला मिळालं. मनुबाईंचा शब्द वर राहिला. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी कडेगावहून विजयमालाचा भाऊ बैलगाडी घेऊन आला, तो रिकामी गाडी हाकत परत गेला.