रुईला लावलेली तीट

मोरोपंत अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा इंग्रजीतले गुणाचे शब्द त्यांच्या गाठीशी ढीगभर होते. क्लीन, ड्राय, व्हाइट, सॉफ्ट. पण गुण किती, हे सांगायला शब्द एकच, व्हेरी. रुई साफ दिसली की व्हेरी क्लीन, ओलसर वाटली की व्हेरी वेट. हाताशी मिठाचीच बरणी, मग ते भाजीतही पडलं आणि खिरीतही.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसासाठी वखवखल्या होत्या. एका गोऱ्या साहेबानं अमरावतीत वखार मांडली होती आणि पंत तिथे दुभाषी होते. हमाल प्रत्येक गाठोड्याच्या वरूनच मूठभर रुई उपसायचा, पंत ती वानगी निळ्या कागदात बांधून वर चिठ्ठी लावायचे. मुंबईत बसलेला माणूस गाठोडं बघतच नसे, चिठ्ठी वाचूनच मालाची प्रत ठरवायचा. डागी निघालेलं गाठोडं तर वखारीतच मागे पडून राहायचं. एक दिवस त्याचाच उलटा निरोप आला, की अमरावतीचा माल सगळाच व्हेरी कसा?

साहेबानं पंतांना समोर उभं केलं आणि चहाचा कप उचलला. ओठ पोळले तेव्हा म्हणाला, "टू हॉट." जरा थांबून, "रादर हॉट." बोलता बोलता चहा निवला तेव्हा, "क्वाइट कोल्ड." मग कप खाली ठेवून त्यानं सांगितलं, "शुक्रवारी दहा वानग्या. चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर राहा, एकही चुकली तर अकोल्याला जा."

अकोल्याला पंतांचे वडील होते. भिक्षुकी सोडून निघालेल्या मुलाला त्यांनी उंबऱ्यावरच ऐकवलं होतं, "धड भट राहणार नाहीस आणि धड साहेब होणार नाहीस." परत जाणं म्हणजे ते वाक्य स्वतःच्या हातानं खरं करून देणं.

जोडी त्यांना चटकन उमगली. पुढे मापाचा शब्द, मागे गुणाचा. एकटा गुण इंग्रजाला पुरत नाही, तो आधी त्याची पायरी विचारतो. स्लाइटली म्हणजे किंचित, फेअरली म्हणजे बऱ्यापैकी, आणि सगळ्यांत वर परफेक्टली, म्हणजे नाव ठेवायला जागाच नाही. कागदावर शिडी तयार झाली. पण कुठली रुई कुठल्या पायरीवर बसवायची? पंतांच्या बोटांनी जन्मात पोथीची पानं तेवढी उलटली होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ते सुभद्राबाईच्या गाडीपाशी गेले. चांदूर बाजारकडच्या पुंजारामची ही बायको. माल तिचा, पारख तिची, नवरा नुसते बैल हाकायचा. पंतांची अडचण ऐकून ती खळखळून हसली.

"डोये मिटा पंत, अन् हात घाला," ती म्हणाली. "डोये फसते. हात नाई फसत."

"ही चांगली वाळलेली दिसते."

"दिसते काहून म्हणता? दाबा ना! गोया होऊन राहिला हातात. जराशी ओली हाय थे. आता ही पाहा, बरीच वाळली. अन् ही एकदम वाळली, पापडावानी."

तीन दिवस पंत डोळे मिटून रुई चिवडत होते. बाजार हसला. पंतांनी हसू दिलं. ती म्हणायची जराशी, पंत पुटपुटायचे स्लाइटली. ती म्हणायची बरीच, पंत म्हणायचे फेअरली. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात आपणहून बोलायला लागला. शेवटी त्यांनी तिच्या स्वतःच्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि त्यांचे डोळेच उघडले. असली रुई त्यांनी पाहिली नव्हती.

"बाई, हा माल कसा म्हणायचा?"

"बरा हाय," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "काई खास नाई."

शुक्रवारी नऊ चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. साहेब खूश दिसत होता. दहावी वानगी हमालानं नेहमीसारखी सुभद्राबाईच्या गाठोड्याच्या वरूनच उपसली होती आणि तिच्यावर काळा डाग होता. साहेबानं स्वतःच सांगून टाकलं, "स्लाइटली स्टेन्ड." किंचित डागी. पंतांनी टाक बुडवला. तेवढं लिहायचं आणि नोकरी पक्की.

पण हात चालेना. कापसाचा डाग पिवळट असतो. हा काळा होता आणि अंगठ्याएवढा गोल. पंतांनी अंगणात उभ्या सुभद्राबाईला हाक मारली. "बाई, हे काळं काय आहे?"

"तीट हाय!" ती ठसक्यात म्हणाली. "लेकराच्या गालाले लावतो ना, तशी काजळाची. एवढा गोरापान माल उघडा कसा आणू बजारात? नजर नाई लागत?"

"सगळेच लावतात?"

"सगळेच. पन चांगल्या मालालेच बरं! भंगाराले कोन नजर लावते?"

पंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे सबंध हंगामभर वऱ्हाडचा सर्वांत उत्तम माल डागी ठरून मागे पडत होता आणि दुय्यम माल साफ म्हणून विलायतेला जात होता! त्यांनी टाक खाली ठेवला.

"नो, साहेब," ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाला दचकले. "धिस कॉटन इज परफेक्टली क्लीन."

साहेबाच्या भुवया चढल्या. पंतांनी तीट कशासाठी लावतात ते त्याला सांगितलं, गाठोडं ओढलं, त्याच्या पोटात हात घातला आणि अगदी तळातली मूठ त्याच्यापुढे धरली. साहेबानं ती उन्हात धरली, कुस्करली, चिमटीत ओढून तंतू मोजला. मग साहेबानं टाक उचलला आणि दहावी चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली, परफेक्टली क्लीन. लगेच त्यानं मागे टाकलेली सगळी डागी गाठोडी परत उघडायला लावली. दुपारपर्यंत प्रत्येक गाडीवाला आपली तीट दाखवत ओरडत होता, "पंत, इकडं! आमचंबी पाहा!" आणि पंतांच्या तोंडून जोड्या लाह्यांसारख्या फुटत होत्या.

संध्याकाळी साहेबाचं बोलावणं आलं. सुभद्राबाईनं वाटेत काजळाची डबी पुढे केली. "गालाले लावून घ्या पंत. आज तुमी लय चमकून राहिले."

पंतांनी बोट बुडवून गालाला ठिपका लावला आणि तसेच आत गेले. साहेबानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या मिशा हसल्या.

"स्लाइटली स्टेन्ड, मोरोपंत?"

"व्हेरी, साहेब," पंत छाती काढून म्हणाले. "व्हेरी!"